देवाचा विषय निघाला की

आमुंद राजवाड्यात मंत्री म्हणून बसतो, पण देवाचा विषय निघाला की त्याला उठून बाहेर जावं लागतं, हे ब्रेक्केन घराला कळलं ते नेमकं आईच्या ऐंशीव्या वाढदिवशी, कॉफीची दुसरी किटली चुलीवरून उतरत असताना.

तोवर दोन आठवडे या घराचे पाय जमिनीला लागत नव्हते. नदीत ओंडके अडकले की लांब आकडा घेऊन बर्फाच्या पाण्यात उतरणाऱ्या हालवोर ब्रेक्केनचा धाकटा मुलगा रस्ते-रेल्वेचा मंत्री झाला होता. देशात कामगारांचं सरकार पहिल्यांदाच आलं होतं. बातमी आली त्या दुपारी लाकूड गिरणीचा भोंगा विनाकारण वाजला आणि तो कुणी वाजवला हे मालकाने विचारलंसुद्धा नाही. गुल्ब्रान म्हणजे आमुंदचा थोरला भाऊ, गिरणीतल्या युनियनचा अध्यक्ष. त्याने तेवढ्यावरून ओळखलं की आता जग बदललं.

जग बदललं होतं, पण फार वेळ टिकलं नाही. या बुधवारी संसदेने ते सरकार पाडलं. मात्र पाडलं तरी नवे लोक येईपर्यंत गाडा जुन्यांनीच ओढायचा असतो, त्यामुळे शनिवारी दुपारच्या गाडीतून उतरलेला आमुंद अजून मंत्रीच होता. येत्या बुधवारी राजासमोर शेवटची बैठक, आणि मग घरी.

आमच्या खोऱ्यातल्या लोकांना हे तितकंसं पटलेलं नव्हतं. एकदा मंत्री झाला तो झाला, असंच सगळे धरून चालले होते. स्टेशनवर तीन माणसांनी टोपी काढली. त्यातला एक तर गिरणीचा मुकादम होता, आणि त्याने आजवर पाद्र्यासमोरसुद्धा टोपी काढली नव्हती.

"राजाकडे जाताना कोट कुणाचा घातलास रे?" ओलीनेने विचारलं. ती मधली बहीण. तिच्या हातात आंबट सायीच्या लापशीचं भांडं होतं आणि नजर आमुंदच्या कॉलरवर.

"वेटरचा," आमुंद म्हणाला. "एका मोठ्या हॉटेलातला, आपल्याच युनियनचा. त्याच्याकडे दोन होते."

"म्हणजे राजासमोर वेटर होऊन उभा राहिलास!" ओलीनेचा नवरा तीदेमान बशीतली कॉफी सांडेपर्यंत हसला. तो आमच्या चर्चचा सेवक. घंटा वाजवायची, शेगडी पेटवायची आणि कबरी खणायच्या. त्यामुळे त्याला जगातल्या सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

"हसा भाऊजी. कोटाला भाजलेल्या मांसाचा वास होता. राजवाड्याच्या पायऱ्या चढताना मला आधी भूक लागली, भीती मागाहून वाटली."

गुल्ब्रानने साखरेचा खडा दातांत धरला, बशी तोंडाला लावली आणि मग कुणाचं लक्ष नाही असं समजून हळूच विचारलं, "हात कसा होता? मऊ?"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे... त्याचा."

"दादा, तू तर राजाला घरी बसवणार होतास ना? तीस वर्षं सांगतोयस."

"बसवणारच आहे. पण ज्याला घरी बसवायचं त्याची माहिती नको काढायला?"

सगळे हसले, पण हसण्याच्या खाली काहीतरी वेगळं होतं. प्रत्येकजण आमुंदच्या उजव्या हाताकडे बघत होता. त्याच हाताने लहानपणी त्याने ओलीनेच्या वेण्या ओढल्या होत्या. तो हात राजाने धरला होता. हे पुन्हापुन्हा मनात येई.

टेबलाच्या टोकाला आई, बेर्ते, काळ्या रेशमी रुमालात बसली होती. तिला एकच गोष्ट ऐकायची होती आणि ती कुणीतरी काढील म्हणून ती थांबली होती.

ती गुल्ब्रानने काढली. "बरं, आता मुद्द्याचं. स्कारचं किती वाजता करणार? सकाळी की दुपारी? मी गिरणीत सांगून ठेवलंय सगळ्यांना."

"काय सांगून ठेवलंयस?"

"की स्कारचं पक्कं झालं म्हणून! आपल्या गावच्या चर्चच्या पाद्र्याची नेमणूक बुधवारी राजासमोर येतेय, पेपरात यादी आलीये. तीन नावं, स्कार तिसरा. पण मेजाशी आपला माणूस आहे म्हटल्यावर तिसऱ्याचा पहिला व्हायला कितीसा वेळ?"

आमुंदने कप खाली ठेवला. "दादा, मी तेव्हा खोलीत नसतो."

"नसतो म्हणजे? कुठे असतोस?"

"बाहेर. चर्चचा विषय निघाला की जे चर्चमध्ये नाहीत त्यांनी उठायचं असतं. घटनेतच आहे तसं. मी वीस वर्षांपूर्वी नाव काढून घेतलं, विसरलास?"

कुणीच विसरलं नव्हतं. फक्त त्याचा आणि याचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नव्हता. अख्ख्या खोऱ्याने दोन आठवडे मदतनीस पाद्री स्कारला पाहून हसून मान डोलावली होती, बायकांनी त्याच्या घराच्या पडद्यांचं मापसुद्धा काढलं होतं. गुल्ब्रानच्या दातांतला खडा करकर वाजला. ओलीने चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. आई आपल्या हातांकडे बघत होती.

तिला स्कार हवा होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोठ्याने कुणी म्हणत नसे. तिला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती आपल्या पेटीवर माती कोण टाकणार याची. पाद्री छोट्या फावड्याने तीनदा माती टाकतो आणि माणूस संपतो. हालवोर नदीत गेला तेव्हाच्या पाद्र्याने ती माती टाकली होती तोंड दुसरीकडे करून, नावही न घेता. स्कार वेगळा होता. तो ओंडकेवाल्यांच्या बराकीत जाऊन प्रार्थना म्हणायचा, वसंतात त्यांच्याबरोबर आकडा धरायचा, बेर्तेच्या पाठदुखीची चौकशी करायचा. आज तो वाढदिवसाला मुद्दाम आला नव्हता. मंत्री घरात असताना पाद्री आला तर लोक म्हणतील जागेसाठी आला, असा त्याने तीदेमानजवळ निरोप दिला होता. गिरणीच्या मालकाला मात्र यादीतला पहिला हवा होता, दक्षिणेकडचा कुणी, ज्याला या नदीचं नावसुद्धा नीट ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात ओलीनेने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "परत नाव घालायला काय लागतं?"

"सही," तीदेमान म्हणाला. "पाद्र्यापुढे जायचं, म्हणायचं मला परत यायचंय. झालं. सोमवारी सकाळी केली तर बुधवारी तो खुर्चीत पक्का."

"एवढंच?"

"देवाला फार कागद लागत नाहीत. सरकारला लागतात."

ओलीनेला रडू येईल असं वाटलं. वीस वर्षं ती दर रविवारी भावासाठी प्रार्थना करत होती. तो परत यावा एवढंच मागत होती. आणि आता देवाने केवढा मोठा रस्ता काढला होता! थेट राजवाड्यातून! तिला त्या योजनेच्या भव्यपणापुढे गुडघे टेकावेसे वाटले. तिने एप्रनने डोळे टिपले आणि गुल्ब्रानला शोधायला मागच्या दाराने बाहेर पडली.

खरं नवल तिथे घडलं. चर्च म्हणजे गरिबाची अफू असं एक मेच्या प्रत्येक भाषणात सांगणारा गुल्ब्रान तिच्याशी सहमत झाला. तेही एका वाक्यात.

"मी बोलतो त्याच्याशी," तो म्हणाला.

आमुंद लाकडाच्या राशीपाशी उभा होता. शहरातल्या बुटांनी बर्फात भोक पाडत तो नदीकडे बघत होता. नदी गोठलेली होती आणि तिच्यावर पुढच्या वसंतासाठी रचलेले ओंडके पडले होते.

"सही कर," गुल्ब्रान म्हणाला.

"तू सांगतोयस हे?"

"माझं नाव आहेच की तिथे. मी काय चर्चला जातो? नुसतं नाव आहे. नाव काढायला जायला कुणाला वेळ होता? तसंच तुझं. सोमवारी कर, गुरुवारी काढ."

"आणि आत बसून शपथेवर सांगू की मी मानतो?"

"शपथ कुठे, सही आहे. नाहीतर सही नको, चर्चखात्याच्या मंत्र्याच्या कानात सांग. कॉफी पिता ना एकत्र?"

"ते तर आणखी वाईट. माणूस बाहेर आणि हात आत." आमुंद वळला. "दादा, बाबांच्या मातीला तू आत होतास."

हे कधीतरी येणार हे गुल्ब्रानला माहीत होतं. वीस वर्षं तो त्याची वाट बघत होता. ओंडकेवाल्यांची युनियन नवी होती तेव्हा. पेटीमागून लाल निशाण चाललं होतं आणि पाद्र्याने दफनभूमीच्या फाटकात हात आडवा घालून म्हटलं होतं, ते फडकं बाहेर. सगळे थबकले. मग एकेकजण खाली मान घालून आत गेला, कारण आत बाप होता. आमुंद एकटा निशाणाची काठी धरून बाहेर राहिला. फाटक लागलं. बापावर माती पडताना त्याने ती गजांमधून बघितली. त्याच वसंतात त्याने नाव काढून घेतलं.

"मी आत गेलो ते आईला धरायला," गुल्ब्रान म्हणाला.

"ठाऊक आहे. मी कधी काही म्हटलं?"

"तेच तर. एकदा म्हणायला हवं होतंस." गुल्ब्रानने नाक पुसलं. "आई ऐंशीची आहे, आमुंद. तुझं तत्त्व आणखी वीस वर्षं जगेल. ती जगणार नाही."

आमुंदने राशीतली दोन लाकडं उचलली. तो आत गेला.

आई शेगडीमागच्या लहान खोलीत जाऊन बसली होती. तिने विणकाम हातात घेतलं होतं, पण सुया चालत नव्हत्या. भिंत पातळ होती आणि तिचे कान या वयातही तल्लख होते. स्वयंपाकघरातलं सगळं तिने ऐकलं होतं आणि लाकडाच्या राशीपाशी काय झालं असेल याचा अंदाज तिला लागला होता.

"बस," ती म्हणाली. "दार लोटून घे. ती ओलीने कान लावून उभी असेल, तिला म्हणावं लापशी करपली."

दारापलीकडे पावलं घाईने दूर गेली.

"आता सांग मला. क्रिस्तियानियात काय करता रे तुम्ही?" राजधानीचं नाव बदलून तीन वर्षं झाली होती, पण आईने ते मान्य केलं नव्हतं. "देवाचा विषय निघतो, आणि मग?"

"मग आम्ही उठतो. माझ्यासारखे जे आहेत ते. झुकून नमस्कार करतो. वर्दीतला माणूस दार उघडतो आणि आम्ही बाहेर जातो."

"आणि राजा?"

"थांबतो. सगळेच थांबतात. दार लागल्याशिवाय आत पुढचं अक्षर वाचत नाहीत."

बेर्तेने सुया मांडीवर ठेवल्या. "तू बाहेर जाईपर्यंत राजा थांबतो?"

"हो."

"बेर्ते ब्रेक्केनचा मुलगा बाहेर जाईपर्यंत?"

"हो, आई." आमुंद हसला, मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "पहिल्या बैठकीत मला वाटलं, हाकललं. कान तापले. बाहेर लांबच लांब दालन आहे, खिडक्यांतून सगळं शहर दिसतं. तिथे उभा राहिलो वेटरच्या कोटात. कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. आणि मग मला कळलं की हे हाकलणं नाही. न मानणाऱ्यासाठी या देशाने दार ठेवलंय. माझ्यावर कुणी ओरडत नाही, कुणी आडवा हात घालत नाही. मी खोटं बोलू नये म्हणून मला दार उघडून देतात, आणि तेवढा वेळ सगळं सरकार गप्प बसतं. बाबांच्या दिवशी माझ्या तोंडावर फाटक लावलं होतं. मी त्या दालनात रडलो, आई. मंत्री होऊन रडलो नव्हतो, तिथे रडलो."

बेर्ते कधी राजधानीला गेली नव्हती. राजवाडा तिने फक्त बिस्किटांच्या डब्यावर पाहिला होता. पण ते दालन तिला आता दिसत होतं, खिडक्यांसकट. तिथे तिचा मुलगा उभा होता आणि बंद दाराच्या आत सगळे थोर लोक गप्प बसले होते. चर्चमध्ये आयुष्यभर बसून तिला जी शांतता कधीमधी भेटली होती, तशीच ही वाटली.

"मला स्कारच्या हातची माती हवी," ती शेवटी म्हणाली. "ते मी लपवत नाही. रोज रात्री मागते."

"ठाऊक आहे." आमुंदने तिचा हात धरला. "तू सांग. तू सही कर म्हणालीस तर सोमवारी करतो. दादाने सांगून नाही करणार, ताईने सांगून नाही. तू सांगितलंस तर करीन."

"मी नाही सांगणार."

"आई..."

"मी सांगितलं तर सही माझी होईल. माझं नाव तिथे आधीच आहे, बाप्तिस्म्याच्या दिवसापासून. दोनदा कशाला घालायचं?" तिने हात सोडवून घेतला आणि सुया उचलल्या. "जा, लापशी खा. खरंच करपली असेल."

रविवारी सकाळी आमुंद पहिल्या गाडीने परत गेला. ओलीनेने त्याला तपकिरी चीजचा मोठा तुकडा बांधून दिला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "उद्या सकाळी, आमुंद. एक सही." त्याने मान हलवली. ती हो होती की नुसता निरोप, हे तिला कळलं नाही, आणि त्या दिवशीची प्रार्थना तिला कशीतरीच गेली.

नेहमीप्रमाणे स्कार राजासाठी, त्याच्या घराण्यासाठी आणि देशाच्या सरकारसाठी प्रार्थना म्हणू लागला. दर रविवारी म्हणतात ती. कोण सरकारात आहे हे त्यात नसतं. पण आज सरकार या शब्दापाशी सगळ्या चर्चमध्ये काहीतरी हललं. बाकांवरची माणसं ब्रेक्केनांच्या बाकाकडे बघत होती. पडलेलं सरकार होतं, बुधवारपर्यंतचं होतं, आणि तरी त्यात आपल्या नदीचा माणूस होता. ओलीनेने बाजूला पाहिलं. आई ताठ बसली होती, ओठ हलत होते. नंतर बाहेर पडताना ओलीनेने विचारलं, "सहीसाठी मागितलंस ना?"

"काय मागितलं ते त्याचं आणि माझं," आई म्हणाली, आणि तीदेमानला म्हणाली, "शेगडीत लाकूड कमी घालता जावई तुम्ही. पाय गारठले."

सोमवार गेला, मंगळवार गेला. राजधानीहून काहीच कळलं नाही. गुल्ब्रान गिरणीत कुणाशी नीट बोलत नव्हता. ओलीने दिवसातून दोनदा येऊन आईची चूल पुसून जात होती. दोघं भावंडं इतक्या वर्षांनी एका बाजूला आली होती आणि दोघांनाही ते जरा अवघड जात होतं. "त्याने केली असेल," ओलीने म्हणे. "करणार नाही तर काय, आईसाठी," गुल्ब्रान म्हणे. मग दोघं चुलीकडे बघत.

बुधवारी दुपारी सहकारी दुकानातल्या फोनवर आमुंदचा कॉल येणार होता. गुल्ब्रान गिरणीतून सुट्टी घेऊन तिथे जाऊन बसला. ओलीने आणि तीदेमान आईपाशी थांबले. आईने काळा रेशमी रुमाल बांधला होता. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

गुल्ब्रानची पावलं अंगणात वाजली तेव्हा ओलीने उभी राहिली. तो आत आला, टोपी काढली, बर्फ झटकला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"स्कार नाही," गुल्ब्रान म्हणाला. "दक्षिणेकडचा झाला. पहिल्या नंबरचा. स्कारला उत्तरेकडे कुठेतरी पाठवतील बहुतेक."

ओलीनेने तोंडावर एप्रन घेतलं. तीदेमानने डोकं खाजवलं आणि पहिल्यांदाच त्याला कशाचं हसू आलं नाही. गुल्ब्रानला वाटलं आता आई काय करील, आणि तो तिच्याकडे बघायलाच धजेना.

"ते मला आधी कशाला सांगतोस?" आई म्हणाली. "आमुंद बाहेर गेला का?"

"आं?"

"विषय निघाला तेव्हा. तो बाहेर गेला का?"

गुल्ब्रान बाकावर बसला. "गेला, आई. म्हणाला, आईला सांग मी गेलो. म्हणाला, सोमवारी पाद्र्याच्या दारापर्यंत गेलो होतो, पण घंटा वाजवता आली नाही. आणि म्हणाला, तिची माफी माग." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "आणि राजा थांबला होता म्हणे. दार लागेपर्यंत."

बेर्तेने डोळे मिटले. ऐंशी वर्षांच्या त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जे आलं ते ओलीनेने आधी कधी पाहिलं नव्हतं. तरुणपणी हालवोर नदीवरून वसंताच्या शेवटी धडधाकट घरी येई तेव्हा तसं काही येत असावं, पण तेव्हा ओलीने लहान होती.

"मग आता मला तुमच्या बापाला तोंड दाखवता येईल," बेर्ते म्हणाली. "माती कुणीही टाकू दे."